किबालेला चिंपांझी बघायला जातोय: परमिटचे पैसे खरंच जंगलाला लागतात का?

सायली_ठाणे

नमस्कार मंडळी. डिसेंबरात आमचं युगांडाला जायचं नक्की झालंय. माझे दीर-जाऊ कंपालाला असतात, आधी त्यांच्याकडे आणि मग तिथनं किबाले नॅशनल पार्कला चिंपांझी ट्रेकिंग असा बेत आहे. बेत कसला, लेकीचा हट्टच आहे. ती सोळा वर्षांची. १ ऑक्टोबर २०२५ ला चिंपांझींवर आयुष्यभर काम केलेल्या जेन गुडॉल गेल्या तेव्हा तिच्या शाळेत कुणीतरी त्यांच्यावर बोललं आणि तेव्हापासनं आमच्या घरात दुसरा विषय नाही.

तर परमिट माणशी २५० डॉलर आहे, आम्ही चौघं, म्हणजे जंगलात जेमतेम तासभर चिंपांझी बघायचे हजार डॉलर झाले. भरायला ना नाही, त्यासाठी बाकीची शॉपिंग वगैरे आम्ही कमी केलीय, पण परवा लेकच मला विचारत होती की आई हे पैसे त्या चिंपांझींच्या कामी येतात का गं, की मधल्यामधे जिरतात, आणि मला काहीच सांगता येईना. टूरवाल्याला विचारलं तर तो म्हणतो मॅडम सगळं कॉन्झर्वेशनलाच जातं. ते तर कुठलाही टूरवाला म्हणेल ना.

दुसरं म्हणजे आमच्यासारखी माणसं रोज तिथे जाणार, त्याचा त्या प्राण्यांना त्रास होत नाही का? आणि परमिटच्या वर आम्ही थोडे पैसे बाजूला काढलेत, ते नेमके कुठे दिले तर उपयोग होईल? कुणाला तिकडचा अनुभव असेल किंवा या विषयातलं कळत असेल तर प्लीज सविस्तर लिहा, लेकसुद्धा वाचणार आहे.

होइमावाला

सायलीताई, मी युगांडातच असतो, साइटच्या कामामुळे होइमा-मसिंडी भागात सारखं जाणं असतं आणि किबालेलाही जाऊन आलोय. जे बघितलंय, ऐकलंय ते सांगतो.

परमिटचे पैसे युगांडा वाइल्डलाइफ अथॉरिटीकडे जातात, ती सरकारी संस्था आहे. त्यातनं रेंजरचे पगार, गस्त, रस्ते, गाड्या हे सगळं चालतं आणि फक्त किबालेचं नाही, ज्या पार्कात टुरिस्ट फिरकतसुद्धा नाहीत त्यांचाही खर्च बऱ्याच अंशी गोरिला आणि चिंपांझीच्या परमिटवर भागतो. शिवाय पार्कच्या प्रवेश फीतला २० टक्के वाटा आजूबाजूच्या गावांना द्यायचा असा कायदाच आहे. गावापर्यंत पोचताना वेळ लागतो, किती पोचतो यावर गावकऱ्यांची कुरकूर असते, पण वाटा आहे हे खरं. म्हणजे तुमचे पैसे वाया जात नाहीत, पण चिंपांझी वाचवायचं सगळं काम त्यातनं होतं असंही समजू नका.

लेकीला एक गोष्ट आवर्जून सांगा, तिथे गेल्यावर चिंपांझींचे हात बघ. किबालेत नाहीतर उत्तरेला बुडोंगोच्या जंगलात, ज्या गटांवर वर्षानुवर्षं अभ्यास चाललाय त्यातल्या काही गटांत जवळपास तिसरा हिस्सा चिंपांझींच्या हातापायाला कायमची इजा आहे. बोटं नाहीत, मनगट वाकडं, कुणाचा पंजाच गेलेला. हे सगळं फासक्यांमुळे. आणि फासकी चिंपांझींसाठी लावलेलीच नसतात बरं का, लावतात ती डायकर नावाचं छोटं हरीण आणि रानडुकरासाठी. सायकलची ब्रेकची तार घ्यायची, तिचा सरकफास करायचा, वाटेवर घोट्याच्या उंचीला टांगायचा आणि दुसरं टोक वाकवलेल्या कोवळ्या झाडाला बांधायचं, झालं. चिंपांझीचा हात त्यात पडला की तो घाबरून जोरात हिसडा मारतो, ताकद एवढी की ते झाडच मोडतं किंवा तार तुटते, पण फास तसाच मनगटात रुततो आणि जेवढा ओढेल तेवढा आवळतो. मग तो ती तार घेऊनच महिनोन्‌महिने फिरतो, हात सडतो, कधी बोटं गळून पडतात कधी जीवच जातो. मी किबालेत एक मादी बघितली, उजव्या हाताला नुसतं खोडकं उरलेलं, पोटाला पिल्लू आणि ती उरलेल्या हातापायांवर उंबराच्या जातीच्या एका प्रचंड झाडावर सरसर चढली. आमचा गाइड शांतपणे म्हणाला, हिचं हे असंच, पण पोरं तिने वाढवली.

फास काढायचा म्हटला तर डॉक्टर लागतो, भुलीचं इंजेक्शन गनने मारावं लागतं, तेही तो झाडावर असताना नाही कारण वरनं पडला तर मरेल, आणि बाकीचा गट अंगावर येतो ते वेगळंच. त्यामुळे तारा आधीच शोधून काढणं हाच खरा उपाय. किबालेत १९९७ पासून फासकी काढणाऱ्या टीम आहेत, पोरं रोज जंगलात चालतात, वाकलेलं रोपटं दिसलं की थांबतात, तार काढून पिशवीत टाकतात. बुडोंगोत तर शिकार सोडून फासकी जमा करणाऱ्यांना शेळ्या दिल्या, पूर्वीचे शिकारीच सोबत घेतले कारण फास कुठे असणार हे त्यांच्याइतकं कुणाला कळणार? तुमचे जास्तीचे पैसे अशा कामाला गेले तर मला विचाराल तर फार चांगलं.

डॉ_अनघा_व्हेट

त्रास होतो का या प्रश्नावर लिहिते, मी व्हेटर्नरी डॉक्टर आहे. होतो, आणि तो गोंगाटापेक्षा जास्त आपल्या सर्दीचा होतो.

सायली, तू जिथे जाणार त्याच किबालेत कान्यावारा नावाचा गट आहे. २०१३ मध्ये तिथे खोकल्याची साथ आली आणि ५६ पैकी ५ चिंपांझी मेले. नंतर तपासलं तेव्हा कारण निघालं रायनोव्हायरस सी. आपल्याकडे लहान मुलांना शाळेतनं जी सर्दी लागते ना त्यातलाच हा एक व्हायरस. आपली मुलं आठवड्याभरात खेळायला लागतात, त्यांच्याकडे मात्र त्याला तोंड द्यायची शरीराची तयारीच नाही. आयव्हरी कोस्टच्या ताई जंगलातही माणसांच्या श्वसनाच्या व्हायरसने चिंपांझी मेल्याचं सिद्ध झालंय. टांझानियात गोंबेला १९६६ साली पोलिओसारखी साथ आली होती, काहींचे हात-पाय लुळे पडले, काही गेले.

पाच म्हणजे कमी वाटतात का? मग हे बघ, मादीला पहिलं पिल्लू होतं साधारण तेराव्या-चौदाव्या वर्षी, गर्भ आठ महिने आणि दोन पिल्लांमधे पाच-सहा वर्षांचं अंतर. आई गेली तर अंगावर पिणारं पिल्लू बहुतेक जातंच. एका वाईट महिन्यात जे गेलं ते भरून यायला त्या गटाला कितीतरी वर्षं लागतात. म्हणून मला ही सर्दीची गोष्ट फासक्यांइतकीच गंभीर वाटते.

तरी जाऊ नका असं मी म्हणणार नाही. ताई जंगलातलाच अभ्यास सांगतो की जिथे संशोधक आणि पर्यटक नियमित असतात त्या भागात चोरटी शिकार कमी होते, जिथे कुणीच जात नाही तिथे बंदूकवाल्यांचं फावतं. म्हणजे माणसाचं असणं दोन्ही आहे, धोकाही आणि राखणही. मग धोका कमी कसा करायचा ते आपल्या हातात आहे. फ्लूची लस निघायच्या निदान दोन-तीन आठवडे आधी चौघांनीही घ्या. मास्क नीट, नाकाच्या वर, पूर्ण तासभर. दहा मीटरच्या आत तर जायचंच नाही, आणि तोच आपल्याकडे आला तर आपण मागे सरायचं, फोटो मिळत असला तरी. खाणं-पिणं, थुंकणं, शिंकरणं तिथे नको. आणि सगळ्यात अवघड ते शेवटी सांगते, त्या दिवशी घरातल्या कुणालाही नाक गळणं, घसा, जुलाब काहीही असेल तर त्याने जायचं नाही. २५० डॉलर गेले तर गेले. लेकीला ताप असेल तर तिनेही नाही. हे आधीच घरात बोलून ठेवा म्हणजे ऐनवेळी लपवालपवी होत नाही, कारण तशी लोकं करतात.

देवरुखचा_मंदार

वाचतोय. सगळं पटतंय पण माझं म्हणणं थोडं वेगळं आहे, राग मानू नका.

१९९२ मध्ये याच किबालेला लागून असलेल्या पट्ट्यातनं हजारो लोकांना बाहेर काढलं होतं. अतिक्रमण होतं असं सरकारचं म्हणणं, पण काही जण तिथे दोन-दोन दशकं राहत होते, शेती करत होते. आज त्या भागात जाऊन आपण हजार डॉलर देऊन झाडाखाली उभे राहतो आणि त्यातले किती पैसे त्या माणसांना मिळाले हे कुणी विचारत नाही. आपल्याकडे मेळघाटात पुनर्वसन झालेल्या गावांत जाऊन बघा, लोकांना काय काय सोसावं लागलं ते कळेल.

आणि मी शेतकरी आहे म्हणून हे जास्त टोचतं. आमच्याकडे वानर आणि लाल तोंडाची माकडं आंबा, नारळ, फणस काही ठेवत नाहीत. कोवळे नारळ तोडून खाली टाकतात, फणस अर्धा फाडून पुढच्याला हात घालतात. अर्ज केला, पंचनामा झाला, हातात आलं ते मजुरीलाही पुरलं नाही. आता कल्पना करा, माकडाच्या जागी पन्नास किलोचा चिंपांझी आहे आणि शेत एकराचं. त्या माणसाने जंगल का राखावं? शहरातल्या माणसाला प्राणी आवडतो, ठीक आहे, पण त्याची किंमत जो मोजतो तो या चर्चेत कुठेच नाही, एवढंच म्हणायचंय.

होइमावाला

मंदारभाऊ, रागाचा प्रश्नच नाही, उलट मला खरं जे लिहायचं होतं तिथेच तुम्ही आणलंत. किबाले वगैरे पार्क म्हणजे सुरक्षित जागा. खरी ओढाताण चाललीय ती पार्कच्या बाहेर, आणि ती मी रोज बघतो.

होइमा भागात बुडोंगो आणि बुगोमा ही दोन मोठी जंगलं आहेत. त्यांच्या मधल्या पट्ट्यात पार्क नाही, अभयारण्य नाही, नुसती गावं आहेत, आणि ओढ्यांच्या काठाने उरलेली रानाची तुकडी. ती तुकडी खासगी आहेत, एकेका शेतकऱ्याच्या मालकीची. त्यात आजही काहीशे चिंपांझी राहतात. बुलिंडी हे त्यातलं नाव झालेलं गाव. तिथली तुकडी गेल्या वीसेक वर्षांत तंबाखू, भात आणि आता उसासाठी तुटत गेली, लाकूड विकलं की पोरांची फी भागते, घराला पत्रा येतो. कोण नाही म्हणेल? रान गेलं आणि चिंपांझी मात्र तिथेच राहिले, जाणार कुठे. मग ते शेतात उतरले.

आणि तुम्हाला गंमत वाटेल, ते सगळ्यात जास्त कशावर येतात तर फणसावर. आपलाच फणस, मूळ आपल्या सह्याद्रीकडचा, युगांडात तो परसात सगळीकडे आहे. आंबासुद्धा खातात, पपई, केळी, ऊस, पेरू, कोकोची फळं फोडून गर चोखतात आणि बिया थुंकतात. पण फणसाच्या मोसमात तर अंगणातच मुक्काम. मी होइमाच्या रस्त्याला एका घरी चहाला थांबलो होतो, त्या बाईंनी दाखवलं, झाडाच्या बुंध्याशी फणस हातानेच चिरफाडलेले पडले होते, चारखंड तशीच, गरे तेवढे नेमके काढून खाल्लेले, आणि आठळ्यांचा ढीग. स्वयंपाकाची चूल तिथून वीस पावलांवर, तिथेच पोरं खेळत होती.

हे नुसतं नुकसानीचं नाही, भीतीचं आहे. २०१४ मध्ये क्यामाजाका गावात आई शेतात खणत असताना चिंपांझीने तिचं दोनेक वर्षांचं पोर उचलून नेलं, पोर दगावलं. त्या घराने पुढे काही वर्षांनी ती जागाच सोडली. ही सगळी जाहीर झालेली गोष्ट आहे, जगभर छापून आली. तिथे जाऊन कुणाला चिंपांझी किती हुशार ते सांगून बघा.

तरी तिथेच काम उभं राहिलंय म्हणून मला त्याचं मोल वाटतं. मॅट मॅक्लेनन नावाचा संशोधक २००६ पासून बुलिंडीचे चिंपांझी अभ्यासत होता, डोळ्यांदेखत रान तुटताना बघितलं आणि मग अभ्यासाच्या जोडीला बुलिंडी चिंपांझी अँड कम्युनिटी प्रोजेक्ट सुरू झाला. त्यांचा हिशोब सरळ आहे. ज्याचं रान आहे त्याने ते राखलं तर त्याच्या पोरांची शाळेची फी प्रोजेक्ट भरतो. लाकूड लागतंच, म्हणून शेताच्या कडेला लावायला भराभर वाढणारी रोपं देतात. कॉफीची रोपं देतात, कारण कॉफीला चिंपांझी सहसा हात लावत नाहीत. कमी लाकूड खाणाऱ्या चुली बांधून देतात, बोअरवेल मारून देतात म्हणजे बायका-पोरांना पाण्यासाठी ओढ्याच्या रानात चिंपांझींच्या वाटेवर जावं लागत नाही. गावातलीच पोरं मॉनिटर आहेत, सकाळी उठून गट कुठे झोपला होता तिथे जायचं, दिवसभर मागे राहायचं आणि गट ज्या वाडीकडे वळेल तिथल्या लोकांना आधी सांगायचं. मंदारभाऊ, जो किंमत मोजतो तो इथे मधोमध आहे. आणि २०१९ च्या वन्यजीव कायद्यात युगांडाने भरपाईची तरतूद केलीय, त्याआधी तर तीही नव्हती.

देवरुखचा_मंदार

शाळेची फी हे ऐकून बरं वाटलं, ते शेतकऱ्याला लगेच समजतं. दोन गोष्टी विचारतो. भराभर वाढणारी रोपं म्हणजे निलगिरीच ना? ती पाणी ओढते, खाली गवत उगवत नाही, आमच्याकडे सामाजिक वनीकरणात लावली त्याचा अनुभव काही चांगला नाही. जंगल वाचवायला निलगिरी हे मला पचत नाही. आणि दुसरं, तिकडचा फणस बरका असतो की कापा?

मुक्ता_बॉटनी

निलगिरीवर मी सांगते. शंका अगदी रास्त आहे, पण ती रानाच्या जागी लावत नाहीत, वापरात नसलेल्या तुकड्यावर किंवा शेताच्या कडेला लावतात. चार-पाच वर्षांत सरपण आणि वासे मिळायला लागतात, तेवढा काळ देशी झाडावरची कुऱ्हाड थांबते. देशी झाड तेवढं जाडजूड व्हायला पिढी लागते आणि चूल तर आज पेटवायचीय. ओढ्याकाठी मात्र ती नकोच, तिथे तुमचं शंभर टक्के बरोबर.

रानातनं एकच झाड गेलं तर काय होतं याचं बुडोंगोचं उदाहरण मला कधी विसरता येत नाही. तिथे राफिया नावाचा एक ताड होता, त्याच्या कुजलेल्या खोडाचा भुगा चिंपांझी खायचे, कारण त्यात सोडियम असतं, रानात मीठ सहजी मिळत नाही. त्याच ताडाच्या पानांची दोरी तंबाखूची पानं वाळत टांगायला वापरतात. बाहेर तंबाखूला भाव आला, शेतकऱ्यांनी ताड तोडून तोडून काही वर्षांत त्या भागातनं जवळपास संपवला. मग चिंपांझींनी मीठ कुठनं मिळवलं? झाडाच्या ढोलीत वटवाघळांची लेंडी साचलेली असते, ती खायला लागले. हे कॅमेऱ्यात टिपलंय, २०२४ मध्ये शोधनिबंध आला. त्या लेंडीत २७ व्हायरस सापडले, त्यातला एक तर कोविडच्या व्हायरसच्या कुळातला नवा कोरोनाव्हायरस. कुणाचा वाईट हेतू नव्हता, शेतकऱ्याला दोरी हवी होती एवढंच! सिगरेटवाल्याला तर हे कुठे घडलं ते माहितीही नसणार. अनघाताईंनी माणसाकडनं चिंपांझीला जाणाऱ्या रोगाचं लिहिलं, हा उलट्या दिशेचा रस्ता.

आणि रान परत येतं हेही सांगायला हवं, नाहीतर सायलीची लेक निराश व्हायची. टांझानियात टांगानिका सरोवराच्या काठावर गोंबे आहे, जेन गुडॉल १४ जुलै १९६० ला तिथेच उतरल्या. पार्क इतकं चिमुकलं की जमीन जेमतेम ३५ चौरस किलोमीटर. नव्वदीच्या सुरुवातीला त्यांनी छोट्या विमानातनं बघितलं तर पार्कची हद्द संपते तिथे हिरवं संपलेलं, बाहेरचे डोंगर बोडके, माती घसरून ओढ्यात आलेली. म्हणजे आतले शंभर-सव्वाशे चिंपांझी एका हिरव्या बेटावर अडकलेले. तेव्हा १९९४ मध्ये त्यांच्या संस्थेने टाकेअर (TACARE, उच्चार ‘टेक केअर’) नावाचं काम सुरू केलं, आसपासच्या १२ गावांपासून. गावात जाऊन झाडं लावा असं सांगितलं नाही, तुम्हाला काय हवं ते विचारलं, आणि लोकांनी सांगितलं की धान्य, दवाखाना, शाळा. तिथून सुरुवात झाली. बायकांना छोटी कर्जं, मुलींना स्कॉलरशिप, कुटुंब नियोजन, चुली. मग हळूहळू प्रत्येक गावाने स्वतःचा जमीन वापराचा नकाशा केला, कुठे शेती, कुठे चराई, कुठे गावाचं राखीव रान, आणि गावातलेच राखणदार मोबाइलवर नोंदी करतात. तिथल्या मिओम्बो प्रकारच्या रानातली झाडं तोडली तरी बुंधा जिवंत असतो, त्याला फुटवे येतात. वणवा आणि कुऱ्हाड थांबवली की रोप न लावता रान उठतं. काही उतारांवर ते उठलंय, उपग्रहाच्या चित्रांत दिसतं. गोंबेचे चिंपांझी मात्र अजून शंभरच्या आसपासच आहेत, रान लवकर वाढतं, ते सावकाश.

अरुणकाका_पुणे

चर्चा फार छान चाललीय, पण सगळी युगांडा-टांझानियाचीच आहे म्हणून पश्चिमेची थोडी भर घालतो. चिंपांझीच्या चार उपजाती आहेत, त्यातल्या पश्चिम आफ्रिकेतल्या उपजातीची संख्या १९९० ते २०१४ या काळात सुमारे ८० टक्क्यांनी घटली असा अंदाज आहे आणि २०१६ पासून ती अतिसंकटग्रस्त यादीत आहे. त्यातले सगळ्यात जास्त गिनीत आहेत, आणि गिनीतच जगातला सगळ्यात मोठा बॉक्साइटचा साठा आहे, म्हणजे आपल्या भांड्यांचं, खिडक्यांचं, गाड्यांचं ॲल्युमिनियम. २०२४ च्या एका अभ्यासात हिशोब मांडलाय की आफ्रिकेतल्या एकूण मोठ्या वानरांपैकी (चिंपांझी, गोरिला, बोनोबो) तिसऱ्या हिश्श्याहून जास्त, म्हणजे जवळपास १ लाख ८० हजार, खाणकामाच्या छायेत आहेत आणि एकट्या गिनीत तिथल्या ८० टक्क्यांहून जास्त. २०२१ मध्ये गिनीने मोयेन-बाफिंग नावाचं मोठं नॅशनल पार्क जाहीर केलं, त्याला पैसा दोन बॉक्साइट कंपन्यांनी दिला, इथे खोदतो म्हणून तिथे राखतो अशा तत्त्वावर. मला हे अर्धवट वाटतं. चिंपांझींची हद्द ठरलेली असते, खाणीतनं उठून ते पार्कात राहायला जात नाहीत, दुसऱ्या गटाच्या हद्दीत शिरले तर मारले जातात. पण पार्क झालंच नसतं तर त्याहून वाईट होतं हेही मान्य.

लेकीसाठी एक गोष्ट सांगतो, ती ठाण्यात बसून करता येईल अशी आहे. शर्ट-चड्डी घातलेल्या चिंपांझीच्या पिल्लाचे रील फिरतात ना, बाटलीने दूध पितंय, सोफ्यावर लोळतंय, ते लाइक-शेअर करू नये आणि मैत्रिणींनाही सांगावं. तसं एक पिल्लू मिळवायला त्याच्या आईला मारावं लागतं, आणि आई एकटी नसते, वाचवायला येतात तेही मारले जातात. प्रयोग करून बघितलेलं आहे की माणसाच्या घरात किंवा माणसाशेजारी चिंपांझी दिसला की बघणाऱ्याला हा प्राणी काही संकटात नाही असंच वाटतं आणि पाळावासाही वाटतो. आणि हे आपल्यापासून लांब नाही, कोलकात्यात तस्करीच्या केसमधले तीन चिंपांझी २०१९ मध्ये ईडीने जप्त केले, ते अलिपूर झूमध्ये ठेवले होते.

सायली_ठाणे

बापरे, किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी. काल रात्री आम्ही दोघींनी सगळं मोठ्याने वाचलं. क्यामाजाकाची गोष्ट वाचताना ती थांबली आणि बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली की आई मग त्या आईने चिंपांझींचा राग केला तर ती चुकीची नाही ना. मी म्हटलं नाही.

फ्लूच्या लसीचं फॅमिली डॉक्टरांशी बोलले, नोव्हेंबरात घेतोय. आजारी असेल त्याने हॉटेलवर थांबायचं हेही ठरलं, दिरांनाही कळवलं. जास्तीचे पैसे आम्ही दोन ठिकाणी करू म्हणतोय, थोडे फासकी काढणाऱ्यांना आणि थोडे शाळेच्या फीला. होइमावाले दादा, एक राहिलं, किबालेला ट्रेकिंगच्या दिवशी उरलेल्या वेळात गावातल्या लोकांना सरळ फायदा होईल असं काही करता येतं का? नुसतं गाडीतनं उतरून परत गाडीत बसायचं नाहीये.

होइमावाला

येतं की. पार्कला लागूनच बिगोडी गाव आहे, तिथे पाणथळीतनं फिरवतात. ती पाणथळ गावातल्याच लोकांची संस्था १९९२ पासून सांभाळते, गाइड गावातलेच, आणि त्या पैशातनं त्यांनी गावाला हायस्कूल उभं केलंय. सकाळी ट्रेकिंग, दुपारी बिगोडी असं जमतं. सरकारी पार्कातनं बाहेर आलेली माकडं, पक्षी सगळं तिथे दिसतं, शेतं अगदी चिकटून आहेत त्यामुळे मंदारभाऊंनी लिहिलंय ते सगळं समोर असेल. जेवणही गावातल्या बायकांकडे सांगता येतं, आदल्या दिवशी दिरांना फोन करायला सांगा. डिसेंबरच्या सुरुवातीला पाऊस असू शकतो, गमबूट घ्या आणि पँट मोज्यात खोचा, लाल मुंग्या असतात.

पैसे देताना टूरवाल्याच्या हातात देऊ नका, संस्थेच्या स्वतःच्या वेबसाइटवरनं द्या आणि कशासाठी ते लिहा, फासक्यांची गस्त किंवा फी असं स्पष्ट.

मंदारभाऊ, फणसाचं विचारायचं राहिलं होतं. मी खाल्ले ते बहुतेक कापाच होते, पण एका घरी बरका मिळाला, बिलबिलीत आणि गोड. त्यांना फणसाची भाजी माहीत नाही, आपल्याकडे कोवळा फणस काढून खातात हे सांगितलं तर त्या बाईंना आश्चर्य वाटलं.

देवरुखचा_मंदार

हे कामाचं बोललात. कोवळा असतानाच काही फणस काढून भाजीला विकले तर अंगणात पिकलेला माल कमी राहील, पिकल्याच्या वासावरच तर येतात. आमच्याकडे माकडांमुळे काही जण तसंच करतात, मुंबईला भाजीचा फणस जातो. तिकडे गिऱ्हाईक मिळेल का माहीत नाही, सायलीताईंचे दीर कंपालातच असतात ना, त्यांना विचारून बघा. गिऱ्हाईक असेल तर कोवळा कधी आणि कसा काढायचा, चीक कसा सांभाळायचा ते मी व्हिडिओ करून पाठवतो, तुम्ही त्या प्रोजेक्टवाल्यांना द्या.